चूलबंद आवतण

१

संग्रहात सदतीस गावं होती. गावांत मिळून सातशे एकोणीस माणसं आणि त्या माणसांच्या दोन हजार एकशे चार फाइली. खटकचिंचोळीच्या फोल्डरमध्ये बैलांना हाका मारणारे अकरा जण होते, कडगंचीत पाळणा म्हणणाऱ्या सहा बायका, आणि औरादकडच्या एका गावात तेलुगूत शिव्या देऊन मराठीत हसणारा एक म्हातारा. शैलश्रीने सगळं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला. नव्हती ती फक्त ज्योतीची आई.

"परत बग," ज्योती म्हणाली. "'आई' नावानं हाय. कुठल्या गावाच्या आत न्हाई, भायेरच हाय, गावांच्या रांगेत."

"ज्योतीअक्का, दोनदा बघितलं."

"मग तिसऱ्यांदा बग की. तुजं काय झिजायलंय?"

शैलश्रीने तिसऱ्यांदा पाहिलं. खाली तुरीच्या डाळीची मिल सुरू होती आणि टेबलावरच्या चहात बारीक वर्तुळं उठत होती. गुलबर्ग्यातलं हे बोली संग्रह केंद्र मिलच्या माडीवर दोन खोल्यांत होतं. आवाज जपायची संस्था गावातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या डोक्यावर बसली आहे, हा इथला जुना विनोद. आज तो कुणी केला नाही.

ज्योतीची आई सत्यभामाबाई खटकचिंचोळीची. गोष्ट सांगायला बसली की जत्रेतली दुकानं ओस पडायची, असं लोक म्हणत. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं, तेव्हा केंद्रातच काम करणाऱ्या ज्योतीने तिथला रेकॉर्डर घरी नेला आणि आईला बोलतं केलं. चार तास आणि वर थोडं. ऑपरेशन झालं. सत्यभामाबाई वाचल्या, पण आता गळ्याला भोक होतं आणि आवाज नव्हता. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने सांगितलं होतं की माणसाचं निदान एक तास स्वच्छ बोलणं मिळालं, तर मशीनला त्याच आवाजात बोलायला शिकवता येतं. बाई फोनवर अक्षरं दाबतील आणि फोन त्यांच्या आवाजात बोलेल. दोन महिने दवाखान्यात काढून ज्योती तो एक तास न्यायला आली होती.

"तिसऱ्यांदाही नाही," शैलश्री म्हणाली.

दारातून आवाज आला. "असंल कसं? मी बघितलो तेव्हाबी नव्हतंच."

बसवप्रभु सर चपला काढत होते. त्यांनी मान वर करून ज्योतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

२

केंद्राचे प्रमुख चनमल्लप्पा सर. त्यांनी शैलश्रीला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे काम तूच कर," ते म्हणाले. "तू नंतर आलीस. त्या वेळी इथं नव्हतीस. बाकी सगळ्यांचे हात त्या डिस्कला लागलेत, माझेसुद्धा."

शैलश्री पदार्थविज्ञान शिकून आली होती आणि केंद्रात रेकॉर्डिंगची पातळी मोजायची. कुठे खरखर आहे, कुठे वारा शिरलाय, कुठे बोलणारा मायकापासून लांब सरकलाय. माणसांची उलटतपासणी तिने कधी केली नव्हती. पण दोन मापं जुळत नसली की एक तरी चुकीचं असतं, एवढं तिला माहीत होतं.

"तुम्ही ते फोल्डर पाहिलं होतं का, सर?"

"पाहिलं होतं म्हणजे? ऐकलं. ज्योतीनं कार्डावरचं सगळं डिस्कवर उतरवलं, कार्ड पुसून पुढच्या कामाला दिलं आणि तिच्याच लॅपटॉपवर मला दाखवलं. 'आई' असं स्वच्छ नाव. अय्यो, काय आवाज गं तो! मी मिलमधल्या हमालांनासुद्धा वर बोलावलं. दहा-बाराजण उभे राहून ऐकत होते. एक म्हणाला, असला आवाज ह्या जिल्ह्यात दुसरा न्हाई. मी म्हटलं, शेजारच्या जिल्ह्यातपण नाही."

"आणि बसवप्रभु सर म्हणतात, नव्हतंच."

"दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच डिस्क ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावली. सगळं शोधलं. नव्हतं." सरांनी चष्मा काढून पुसला. "मधल्या रात्री डिस्क ज्योतीच्या घरी होती. दुसरं कोण काढणार? आधल्याच आठवड्यात तिचं नि बसवप्रभूंचं भांडण झालेलं. ती म्हणाली होती, माझ्या आईचा आवाज आहे, तुमच्या पुस्तकाचा नाही. मला वाटतं तिनं तेव्हा काढून घेतलं, कुठंतरी हरवलं, आणि आता आमच्या नावावर घालते."

"आईच्या आवाजाबद्दल खोटं बोलेल ती?"

"मला पण ते पटत नाही," चनमल्लप्पा सर म्हणाले. "पण माझे डोळे खरे आणि बसवप्रभूंचे पण खरे. मग मधलं माणूस खोटं, हेच उरतं. सोमवारी संस्थेची बैठक आहे. त्यांनी तिला काढायचं ठरवलंय."

३

बसवप्रभु सर निवृत्त शिक्षक. सीमेवरच्या लोककथांचं पुस्तक करायच्या मागे ते होते. शैलश्रीने विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं.

"मीच चोरलो, असं म्हणायलीस ना?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही, सर."

"म्हण की. पण मला सांग, माल मला मिळाला असता, तर पुस्तक आत्तापर्यंत छापून झालं नसतं काय? सत्यभामाबाईच्या गोष्टीवाचून माझी तीन प्रकरणं लंगडी पडलीत. मलाच ते फोल्डर सगळ्यात जास्त पाहिजे होतं. म्हणून तर शोधायला बसलो."

"कसं शोधलंत?"

"कसं म्हणजे? डिस्क लावली, पडद्यावर तिची खिडकी उघडली, नावं वाचली. सदतीस गावं. आई न्हाई, मावशी न्हाई, कोणी न्हाई." त्यांचा आवाज जरा खाली आला. "पोरीनं घरी नेऊन पुसलं असंल असं मला वाटलं. आता तिच्या आईकडं बघून वाटतं, मी खोटा निघालो तर बरं होईल. पण मी बघितलोय ते बघितलोय."

प्रशांतकुमार केंद्राचा कॉम्प्युटरवाला. डिस्क रिकामी करायची होती, कारण नव्या हंगामाची रेकॉर्डिंग यायची होती आणि संस्थेकडे दुसरी डिस्क नव्हती. सगळ्या जुन्या मालाचं एक गाठोडं बांधून सर्व्हरवर ठेवायचं काम त्याने केलं होतं. एका आज्ञेत अख्खी डिस्क एका फाइलीत.

"प्रशांतण्णा, बांधताना काही सुटलं असेल का?"

"सुटतंय कसं?" त्याने आज्ञा टाइप करायचा काळा पडदा उघडला. जुन्या आज्ञा अजून तिथे होत्या. "हे बग. आदी झिप, म्हंजे गाठोडं बांध. मग हा आर. आर म्हंजे फोल्डरात शिर, त्याच्या आतल्या फोल्डरात शिर, त्याच्या बी आतल्या. पार शेवटच्या फाइलीपतोर. आपल्याकडं लग्नात चूलबंद आवतण देतेत की न्हाई? घरटी एक माणूस न्हाई, घरातलं झाडून समदं, पाळण्यातलं पोर सुदिक. तसं हाय हे. मग गाठोड्याचं नाव. आन शेवटी हा स्टार."

"स्टार कशाला?"

"स्टार म्हंजे समदे. सदतीस गावांची नावं कोन टायपत बसतंय?" तो हसला. "आन मी येवढा बी ढिला न्हाई. बांधून झाल्यावर सोडून बगितलो. डिस्कच्या खिडकीत सदतीस, गाठोडं सोडलेल्या खिडकीत सदतीस. एक बी चूक न्हाई, एक बी लाल अक्षर न्हाई. मगच डिस्क पुसलो."

"पुसायच्या आधी डिस्कवर किती भरलं होतं, आठवतं?"

"आठवायचं कामून? सरांना फोटो पाठवलोय की, काम झालं म्हनून." त्याने फोन पुढे केला.

फोटोत डिस्कचा गोल होता आणि खाली आकडा. दोनशे चौदा पूर्णांक चार जीबी.

शैलश्रीने तो आकडा हातावर लिहून घेतला.

४

माणसांचं बोलणं एकमेकांत बसत नव्हतं, म्हणून तिने वजनं घेतली.

गाठोड्याला स्वतःची यादी असते. आत काय काय आहे आणि बांधण्याआधी ते केवढं होतं, हे ती सांगते. तिने बेरीज मागितली. दोनशे दहा पूर्णांक एक.

"झिप केलं की बारीक होतंच की," प्रशांतकुमार तिच्या खांद्यावरून म्हणाला.

"बारीक झाल्यानंतरचं नाही, अण्णा. आधीचं घेतलंय."

म्हणजे फरक चार पूर्णांक तीन. प्रत्येक फाइलीच्या शेवटी डिस्क थोडी जागा वाया घालवते. दोन हजार फाइलींचं ते वाया गेलेलं तिने शून्य पूर्णांक एक धरलं. उरले चार पूर्णांक दोन. केंद्राचा रेकॉर्डर दर सेकंदाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार बाइट लिहितो, हे तिला तोंडपाठ होतं. तिने भागाकार केला.

चार तास तीन मिनिटं.

तिने भागाकार पुन्हा केला. मग तिने खुर्ची मागे सरकवली. खालची मिल जेवणासाठी थांबली होती आणि चहा टेबलावर निश्चल होता.

सत्यभामाबाई डिस्कवर होत्या. बसवप्रभूंनी शोधलं त्या दिवशी होत्या, प्रशांतकुमारने गाठोडं बांधलं त्या क्षणी होत्या. ज्योतीने काही काढलं नव्हतं. कुणीच काही काढलं नव्हतं. चूलबंद आवतण घेऊन निघालेला माणूस सदतीस घरांतून पाळण्यापर्यंत शिरला आणि अडतिसाव्या घराच्या दारावरून, दार दिसलंच नाही असा, पुढे निघून गेला.

त्यानंतर डिस्क पुसली गेली होती. आणि पुसलेल्या डिस्कवर नव्या हंगामाची रेकॉर्डिंग येऊन पडत होती, अगदी कालपर्यंत.

"अण्णा," ती म्हणाली, "ती डिस्क आत्ताच्या आत्ता काढून माझ्या हातात द्या. आणि तिला कशालाच लावू नका."

५

ज्योती जिन्यात बसली होती. शैलश्री तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"तुम्ही काही काढलं नाहीत, हे मला कळलंय."

"मला आदीपासूनच कळलेलं हाय ते," ज्योती म्हणाली. "नवीन काय ते सांग."

"त्या दिवशी सरांनी नि हमालांनी ऐकल्यावर डिस्क घरी नेलीत. घरी काय केलंत?"

"काय करतो? बॅगमधी आईचे रिपोर्ट होते, ते लावलो. भाकरी केलो. सकाळी डिस्क आनून दिलो आन आईला घेऊन सोलापूरची गाडी धरलो."

"डिस्क उघडली नव्हती?"

"उघडलो की. एकदा ऐकलो. परत ऐकाया मिळतंय का न्हाई म्हनून." तिने पदराने नाक पुसलं. "मिळालं न्हाईच बग."

पायरीवर ठेवलेला तिचा फोन उजळला, एकदा वाजला आणि थांबला.

"घ्या की," शैलश्री म्हणाली.

"घेऊन काय करू? आई हाय. एक मिस कॉल म्हंजे मी बरी हाय, औषध घेतलो. दोन म्हंजे घरी ये. दुसरं काय बोलायचं असलं की भांडं आपटती." ज्योती किंचित हसली. "लई बोलायची ना. आता दोनच शब्द उरलेत तिच्याकडं. तेबी एकसारकेच वाजत्यात."

शैलश्रीचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. ती फोनच्या काचेवरचं नाव बघत होती. तिथे 'आई' लिहिलेलं नव्हतं. आधी एक टिंब होतं. मग आई.

"हे टिंब कसलं?"

"कुठलं?" ज्योतीने वाकून पाहिलं. "ते व्हय? तीट हाय ती."

"तीट?"

"काजळाची लावत्यात बग बाळाला, दिष्ट लागू न्हाई म्हनून. तुमच्यात न्हाईत काय लावत?"

"आमच्यात दृष्टी बोट्टु म्हणतात. पण फोनमधल्या नावाला?"

"माजा ज्याच्यावर लई जीव हाय, तेला मी लावतो. गाठ निघाल्यापासून आईच्या नावाला लावलो. त्या कडगंचीच्या पाळण्यावाल्या बाईचं बाळ लई गोड बडबडायचं, तेचं बी वेगळं फोल्डर करून लावलो. हसू नको."

शैलश्री हसत नव्हती. ती उठली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. गाठोड्याच्या यादीत तिने कडगंची उघडलं. सहा बायका. आणि सहाव्या बाईच्या खाली, तिच्या तीनदा मोजण्यात तीनदा डोळ्याआड राहिलेलं, एक छोटं फोल्डर. टिंब, मग बाळ.

ते गाठोड्यात होतं. व्यवस्थित, चारही फाइलींसकट.

ती जिन्याच्या तोंडाशी परत आली. "ज्योतीअक्का, त्या रात्री ऐकून झाल्यावर... आईच्या फोल्डरला पण लावली तीट?"

ज्योतीने वर पाहिलं.

"लावणार न्हाई तर काय? दहा हमाल, वर चनमल्लप्पा सर, समदे म्हनायलेले, असला आवाज न्हाई, असला आवाज न्हाई. दुसऱ्या दिवशी तिचा गळा चिरायचा होता. मी लावली."

६

शनिवारी सत्यभामाबाईंना तपासणीसाठी गुलबर्ग्याला आणलं होतं, म्हणून त्याही केंद्रात आल्या. गळ्याला पांढरं मऊ फडकं बांधून त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या. त्यांच्या श्वासाचा आवाज तोंडातून न येता फडक्यामागून येत होता. बसवप्रभु सर आत आले, त्यांना पाहून उभेच राहिले, मग त्यांच्या पाया पडले.

शैलश्रीने टेबलावर एक कोरा पेनड्राइव्ह ठेवला. ज्योतीच्या लॅपटॉपवर तिने त्यात दोन फोल्डर केले. एकाचं नाव गाव, दुसऱ्याचं टिंब-आई. दोन्हींत एकेक फाइल.

"किती दिसतात, सर?"

"दोन," चनमल्लप्पा सर म्हणाले.

तिने पेनड्राइव्ह काढून ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला. "आता?"

सर पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. "एक."

"हा कॉम्प्युटर वेगळ्या घराण्यातला आहे. ज्याच्या नावाच्या सुरुवातीला टिंब, ते याच्या लेखी झाकून ठेवायचं सामान. पुसत नाही, फक्त दाखवत नाही. तुम्ही ज्योतीअक्काच्या लॅपटॉपवर पाहिलंत, तेव्हा तर टिंबही नव्हतं. रात्री टिंब लागलं. सकाळी बसवप्रभु सरांनी इथं पाहिलं. दोघांचेही डोळे खरे आणि मधलं माणूसही खरं."

बसवप्रभु सर खुर्चीत बसले. "आणि मी पोरीला चोर म्हणलो."

"पण शैला," प्रशांतकुमार म्हणाला, "खिडकीत न दिसंना का. झिप तर आतपतोर शिरतंय की. ते कडगंचीचं बाळ बी टिंबाचंच हाय, ते कसं आलं मग?"

"मी दोन दिवस त्याच बाळापाशी अडकले होते, अण्णा. झिप टिंबाला वगळत असतं, तर बाळही सुटलं असतं. म्हणजे झिपचा दोष नाही. तुमचीच आज्ञा चालवा."

त्याने टाइप केलं. झिप, आर, नाव, स्टार. गाठोडं झालं. तिने यादी काढली. आत गाव होतं. आई नव्हती. एकही लाल अक्षर नव्हतं.

"तुम्हीच सांगितलंत, आर म्हणजे चूलबंद आवतण. ते बरोबरच आहे. ज्या घरी आवतण पोचलं, त्या घरातलं तीट लावलेलं पोरसुद्धा येतं. कडगंचीच्या घरी पोचलं, म्हणून बाळ आलं. पण आवतण कुठल्या घरी द्यायचं, हे झिप ठरवत नाही. ते स्टार ठरवतो. आणि स्टार झिपच्या हातात जायच्या आधीच हा काळा पडदा तो वाचून घरांची नावं काढतो, आणि टिंबाची घरं सोडून देतो. झिपला सदतीस नावं सांगितली गेली. ते सदतीस घरी गेलं. अडतिसावं घर आहे, हे त्याला कुणी बोललंच नाही. त्यानंतर तुम्ही मोजलंत तेसुद्धा त्याच खिडकीत, जिला टिंब दिसत नाही. सदतीस बरोबर सदतीस."

"स्टारच्या जागी नुसतं एक टिंब दिलो असतो तर?" त्याने हळूच विचारलं. "म्हंजे, ही जागा, इथलं समदं, असं?"

"तर आली असती."

प्रशांतकुमारने किबोर्ड पुढे सारला. मिलचा पट्टा खाली फिरत होता. मग ज्योती बोलली, सगळ्यांत स्पष्ट.

"म्हंजे माज्या तिटेनं गेलं."

"माज्या स्टारनं गेलं, अक्का," प्रशांतकुमार म्हणाला.

"तुजा स्टार रोजचाच हाय रे. सदतीस गावांना काय झालं न्हाई तेनं. तीट मीच लावली." ती शैलश्रीकडे वळली. "खरं सांग. तीट नसती लावली, तर आज आवाज होता ना?"

शैलश्रीला उत्तर माहीत होतं. मोजून काढलेलं, पडताळलेलं, टेबलावर सगळ्यांसमोर करून दाखवलेलं. तिला दुसरं एखादं उत्तर सुचलं असतं, तर ते तिने त्या क्षणी दिलं असतं.

"होता," ती म्हणाली.

चनमल्लप्पा सर घाईने म्हणाले, "सोमवारच्या बैठकीत मी स्वतः सांगतो. तुझी नोकरी कुठं जात नाही, ज्योती. संस्था तुझी माफी मागेल."

"नोकरी काय करू, सर?" ज्योती म्हणाली. "तेनं आई बोलती काय?"

खिडकीपाशी सत्यभामाबाई मांडीवरच्या फोनवर अंगठा फिरवत होत्या. टेबलावर ज्योतीचा फोन उजळला. टिंब, मग आई. एकदा वाजला आणि थांबला. ज्योतीने आईकडे पाहिलं.

फोन पुन्हा उजळला. दुसऱ्यांदा वाजला.

ज्योती उठली. आईच्या काखेत हात घालून तिने तिला उभं केलं. दोघी जिना उतरू लागल्या.

"डिस्क माझ्याकडे आहे," शैलश्री मागून म्हणाली. "पुसलेल्यातून कधीकधी काही निघतं. मी बघते."

"बग," ज्योती मागे न वळता म्हणाली. "सापडंल तेवढं दे. जेवढं असंल तेवढं."

७

डिस्क वाचायला शैलश्रीला आठवडा लागला. फोल्डर, फाइली, नावं यांतलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिने नावं सोडून दिली आणि पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सरळ वाचत गेली.

जुन्या मालाने डिस्कवर व्यापलेली जागा दोनशे चौदा पूर्णांक चार जीबी होती. सत्यभामाबाईंचं फोल्डर सगळ्यात शेवटी उतरवलेलं, म्हणून ते त्या जागेच्या शेवटच्या टोकाला होतं. नवी रेकॉर्डिंग पहिल्या टोकापासून एकामागे एक लिहिली गेली होती. ती जुन्या टोकाच्या अलीकडे थांबली होती. दोन्ही टोकांच्या मधे नव्या मालाखाली न गेलेली पट्टी उरली होती, साडेसात एमबीची. रेकॉर्डरच्या वेगाने भागल्यावर तिची लांबी सव्वीस सेकंद.

तिने ती मिल बंद असताना, रविवारी दुपारी ऐकली. शेवटच्या फाइलीचा शेवट होता. कोंबड्या, लांबून एक मोटारसायकल, श्वास. मग बाईचा आवाज.

"झालं. बंद कर आता."

मग बटणाचा टक आवाज.

तिने पातळी तपासली. खरखर नव्हती, वारा नव्हता, बोलणारी मायकापासून योग्य अंतरावर होती. तिने नोंद केली आणि ती पट्टी त्या नोंदीसकट ज्योतीला पाठवली.

हवं असलेलं बोलणं, एक तास. मिळालेली लांबी, सव्वीस सेकंद. श्वास, सहा. शब्द, चार. बोलणं, तीन सेकंद.